शिका, पण कमवू नका : विद्यार्थी परवान्याची गोष्ट, बारामती-इंदापूरच्या वाटेने

१.
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कऱ्हेकाठच्या बारामतीत मोरोपंत (१७२९–१७९४) आर्या रचत होते. त्या काळी ग्रंथाचा प्रसार म्हणजे हाताने उतरवलेली नक्कल. पोथी उतरवून घेणाऱ्याला कोणी चोर म्हणत नसे; ग्रंथ लिहून देणे हे पुण्यकर्म मानले जाई. आज त्याच गावातल्या संगणक प्रयोगशाळेत विद्यार्थी वेबसाइट घडवण्याचे सॉफ्टवेअर उघडतो, तेव्हा आधी एका लांबलचक परवानापत्राला 'मान्य' म्हणतो. ते पत्र बहुधा कोणी वाचत नाही. त्यात काय लिहिलेले असते आणि ते तसे का लिहिले गेले, याचा हा इतिहास आहे.

२.
नक्कल करण्याच्या हक्काला कायद्याचे कुंपण पडले ते छापखान्यानंतर. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ साली कॉपीराइटचा कायदा केला. १९१४ मध्ये ब्रिटिश कायद्यावर बेतलेला दुसरा कायदा आला आणि स्वतंत्र भारताचा कॉपीराइट अधिनियम १९५७ चा. तरीही या कायद्यांनी ग्रंथाच्या वाचकावर बंधन घातले नव्हते. विकत घेतलेले पुस्तक मित्राला द्यावे, रद्दीत विकावे, त्यातून शिकून पोट भरावे. लेखकाची वा प्रकाशकाची त्याला हरकत नसे. संगणकाच्या प्रणालीने हे नाते बदलले. येथे ग्राहकाला वस्तू मिळत नाही, वस्तू वापरण्याची परवानगी मिळते.

३.
त्या बदलाची पहिली गाजलेली ठिणगी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी पडली. वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिले. अल्टेअर या यंत्रासाठी बनवलेली बेसिक भाषा बहुतेकांनी पैसे न देता उतरवून घेतली, ही त्याची तक्रार. उलट दिशेचे उदाहरण १९८३ चे. बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढले आणि परवाना अगदी साधा ठेवला : हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. कितीही जणांनी वापरावे, कोठेही न्यावे. अट एकच, एका वेळी दोन ठिकाणी ते चालू नये. पुढच्या काळात उद्योगाने बोरलँडची ही वाट धरली नाही.

४.
विद्यार्थी परवाना जन्माला आला तो एका साध्या हिशोबातून. सॉफ्टवेअरची पहिली प्रत घडवायला अफाट खर्च येतो. पुढच्या प्रतीला जवळजवळ काहीच नाही. पूर्ण किंमत विद्यार्थ्याला परवडत नाही, म्हणून त्याने ती दिली नाही तर कंपनीचे नुकसानही फारसे होत नाही. मात्र त्याचा हात एका साधनावर बसला, की पुढे नोकरीच्या जागी तेच साधन मागितले जाते. म्हणून विद्यार्थ्याला तीच वस्तू स्वस्तात किंवा फुकट देणे हा दूरदृष्टीचा व्यापार ठरतो. प्रश्न एकच उरतो : एकाच वस्तूच्या दोन किमती असतील, तर महाग गिऱ्हाईक स्वस्त दाराने आत येणार नाही, याची खबरदारी कशी घ्यायची?

५.
उत्तर एस.टी.च्या पासासारखे आहे. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यातून कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याला सवलतीचा पास मिळतो. त्यावर नाव असते, छायाचित्र असते, मुदत असते आणि मार्गही ठरलेला असतो : घर ते कॉलेज. त्याच पासावर मामाच्या गावाला जाता येत नाही. विद्यार्थी परवान्याची रचना नेमकी अशीच आहे. ओळख, मुदत आणि मार्ग. पहिल्या दोन अटी समजायला सोप्या आहेत. सारा गुंता तिसऱ्या अटीत, म्हणजे 'कशासाठी वापरायचे' यात आहे.

६.
भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या सेवेतही विद्यार्थ्यांसाठी निराळे स्वस्त खाते होते. ते 'शेल' प्रकारचे असे. पडद्यावर फक्त अक्षरे उमटत, चित्रे दिसत नसत. चित्रांसह जाळे पाहायचे तर कितीतरी महागडे खाते घ्यावे लागे. सवलतीच्या दारातून आत येणाऱ्याला घराचा एकच भाग दाखवायचा, ही रीत म्हणजे भारतीय वेबच्या जन्माइतकीच जुनी आहे.

७.
गंमत अशी, की वेब स्वतः मात्र परवान्याविना जन्मले. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत ते घडवले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याची मूळ प्रणाली सर्वांसाठी खुली केल्याचे जाहीर केले. एचटीएमएल ही पानांची भाषा शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. नोटपॅडमध्ये पान लिहिता येते. दुसऱ्याचे पान कसे घडले आहे तेही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते. पोथी समोर ठेवून वळण गिरवावे, तशी जगभरची एक पिढी वेब शिकली.

८.
परवाना आला तो अवजारांबरोबर. १९९५ मध्ये व्हर्मीर या छोट्या कंपनीचे फ्रंटपेज बाजारात आले. जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. डिसेंबर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने ड्रीमवीव्हर आणले. एचटीएमएलची अक्षरे न लिहिता, पान जसे दिसणार तसेच पडद्यावर मांडण्याची सोय त्यांनी दिली. जी भाषा फुकट होती, ती लिहिण्याची लेखणी आता विकत घ्यावी लागू लागली. २००५ च्या डिसेंबरात अ‍ॅडोबीने सुमारे ३.४ अब्ज डॉलरच्या समभागांच्या व्यवहारात मॅक्रोमीडिया घेतली. छायाचित्रे सुधारण्याचे आणि पाने रचण्याचे मुख्य साधन त्यामुळे एकाच घरात गेले.

९.
याच काळात बारामती परिसर संगणकाकडे वळत होता. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० साली निघाले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतही संगणक केंद्रे उभी केली. 'वेब डिझायनिंग' हा शब्द क्लासच्या पाट्यांवर झळकू लागला. अवजारांची किंमत डॉलरमध्ये ठरत होती, फी मात्र ऊस आणि दुधाच्या पैशातून यायची. ही दरी महाराष्ट्रभर ज्या वस्तूने भरून काढली, ती म्हणजे चोरट्या प्रतीची सीडी.

१०.
त्या सीडीमागे कायदा उभा होता, पण तो फार थोड्यांना ठाऊक होता. संगणक प्रणालीला भारतीय कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती'चे स्थान १९८४ च्या दुरुस्तीने मिळाले. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि तिने कलम ६३-ब आणले. चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद, आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मात्र त्याच कलमात एक सूट आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात झालेला नसेल, तर सबळ कारणे नोंदवून न्यायालय कैद टाळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते. शिकणे आणि कमावणे यांतला फरक कायद्यानेही असा मान्य केला.

११.
१९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक दार किलकिले केले. कायदेशीर मार्गाने स्वतः मिळवलेल्या प्रतीची, खासगी व बिगरव्यावसायिक वापरासाठी नक्कल करणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असे कलम ५२ मध्ये लिहिले गेले. सॉफ्टवेअर कसे चालते याचे निरीक्षण व अभ्यास करण्यालाही संरक्षण मिळाले. शब्द नीट पाहावेत : 'कायदेशीर मार्गाने' आणि 'बिगरव्यावसायिक'. मित्राच्या चोरट्या सीडीला हे कलम वाचवत नाही. आणि वैध विद्यार्थी प्रतीवर अटीबाहेरचे काम केले, तर तो प्रथमतः कंपनीशी झालेल्या कराराचा भंग असतो. चोरटी प्रत आणि मोडलेली अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र त्या नेहमी एकाच दावणीला बांधल्या जातात.

१२.
महाविद्यालयांनी वैध मार्ग धरला तो प्रयोगशाळेच्या परवान्याचा. त्यात ठरावीक यंत्रांवर किंवा ठरावीक संख्येने एकाच वेळी सॉफ्टवेअर चालवण्याची मुभा असते. परवाना संस्थेचा असतो, विद्यार्थ्याचा नसतो. शहरातल्या वसतिगृहात राहणाऱ्याला हे चालून जाते. शेवटच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्याला मात्र प्रयोगशाळेचे कुलूप म्हणजेच परवान्याची मर्यादा ठरते. घरच्या संगणकावर तेच साधन हवे असेल, तर पुन्हा सीडीची वाट.

१३.
ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न फेब्रुवारी २००८ मध्ये झाला. मायक्रोसॉफ्टने 'ड्रीमस्पार्क' ही योजना जाहीर केली आणि थोड्याच काळात ती भारतातही आली. विद्यार्थी असल्याची पडताळणी झाली, की व्हिज्युअल स्टुडिओसारखी प्रोग्रामिंगची आणि एक्सप्रेशन स्टुडिओसारखी वेब डिझाइनची साधने फुकट उतरवून घेता येत, तीही स्वतःच्या संगणकावर. ऑक्टोबर २०१४ मध्ये गिटहबने विद्यार्थ्यांसाठी अनेक कंपन्यांच्या साधनांचा एकत्र संच आणला. जेटब्रेन्सनेही आपली साधने विद्यार्थ्यांना मोफत केली. परवाना प्रथमच प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडून विद्यार्थ्याच्या नावावर चढला. अट मात्र कायम राहिली : शिक्षणासाठी, कमाईसाठी नाही.

१४.
ही अट पाळली जावी म्हणून कंपन्यांनी नाना युक्त्या केल्या. ऑफिस २००७ च्या घरगुती व विद्यार्थी आवृत्तीत खिडकीच्या शीर्षपट्टीवरच 'बिगरव्यावसायिक वापर' असे शब्द दिसत. ऑटोडेस्कची युक्ती आणखी कडक होती. ऑटोकॅडच्या शैक्षणिक आवृत्तीत काढलेल्या नकाशाच्या कडेला, तो छापताना, शैक्षणिक उत्पादनाचा शिक्का उमटे. त्या नकाशाचा तुकडा दुसऱ्या नकाशात जोडला तर शिक्का तेथेही पोचे. पुढे ऑटोडेस्कने तो काढून टाकला. पण सगळे एकाच माळेचे मणी नव्हते. अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह सूटच्या विद्यार्थी-शिक्षक आवृत्तीवर व्यावसायिक काम करण्यासही मोकळीक ठेवली होती. म्हणून 'विद्यार्थी परवाना' या एकाच नावाखाली एकच नियम असतो, हा समज खोटा आहे. प्रत्येक परवानापत्र स्वतंत्र वाचावे लागते.

१५.
यानंतर मालकीच बदलली. २०१२ मध्ये अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह क्लाउड सुरू केले आणि मे २०१३ मध्ये जाहीर केले, की यापुढे नवी आवृत्ती फक्त वर्गणीवर मिळेल. पूर्वी एकदा घेतलेली विद्यार्थी प्रत पदवीनंतरही त्या संगणकावर चालत राहत असे. वर्गणीत ओळखीची तपासणी होते, सवलतीचा काळ संपतो आणि दर चढतो. फिग्मासारखी साधने तर ब्राउझरमध्येच चालतात. शिक्षणासाठी ती फुकट मिळतात, पण केलेले कामही कंपनीच्या संगणकावर राहते. खाते कॉलेजच्या ईमेलवर उघडलेले असेल आणि कॉलेजने तो ईमेल बंद केला, तर तीन वर्षांचे काम दाराआड राहण्याची भीती असते. आधी मर्यादा अवजाराला होती. आता ती कामापर्यंत पोचली.

१६.
येथे महाराष्ट्राच्या शिक्षणाचा एक जुना धागा आडवा येतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शिकता शिकता श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची परंपरा रुजवली. 'कमवा व शिका' हे तिचे नाव. पुणे विद्यापीठानेही याच नावाची योजना संलग्न महाविद्यालयांतून चालवली. ग्रामीण मुलाच्या बाबतीत कमाई ही शिक्षणानंतरची पायरी नसून शिक्षणाची अट आहे, हे या परंपरेने ओळखले होते. विद्यार्थी परवाना याच्या नेमका उलट विचार करतो. त्याच्या मते आयुष्याचे दोन वेगळे कप्पे आहेत : आधी शिकणे, मग कमावणे. ज्या समाजात आईवडील शिक्षणाचा सगळा खर्च उचलतात, तेथे हे विभाजन बसते. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ते सहज बसत नाही.

१७.
उदाहरण घ्यायचे तर भिगवणचे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना पाहायला माणसे येतात. समजा, इंदापूरच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनीने तेथल्या एखाद्या नावाड्याचे संकेतस्थळ केले. वर्गातला प्रकल्प म्हणून केले, तर ते शिक्षण. नावाड्याने आभार म्हणून दोन हजार रुपये हातावर ठेवले, तर तेच पान, तीच अक्षरे, पण परवान्याच्या भाषेत तो व्यवसाय झाला. पैसे घेतले नाहीत, तरी नावाड्याला त्या पानावरून गिऱ्हाईक मिळू लागले तर काय, याचे उत्तर प्रत्येक परवानापत्र वेगळे देते. पहिली कमाई ही शिकणाऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची घटना असते, आणि सीमारेषा बरोबर तिच्यावरूनच जाते.

१८.
गुंतागुंत येथेच संपत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. म्हणजे कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करणे हाच अभ्यास झाला. अशा वेळी विद्यार्थ्याने स्वतःच्या शैक्षणिक परवान्यावर कंपनीच्या ग्राहकाचे काम करावे काय? अभ्यासक्रमाच्या नजरेतून ते शिक्षण आहे, बहुतेक परवान्यांच्या नजरेतून नाही. नियम साधा ठेवता येतो : काम ज्याचे, अवजार त्याचे. कंपनीच्या कामासाठी परवाना कंपनीने द्यावा. पण तो मागण्याचे धैर्य येण्यासाठी आधी तो मागायचा असतो, हे ठाऊक असावे लागते.

१९.
मराठी पान करणाऱ्याला आणखी एक परवाना आडवा येई, तो अक्षरांचा. मराठी मुद्रणाच्या जगात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपी' गाजले. संगणकाला 'डोंगल' नावाचे छोटे यंत्र जोडल्याशिवाय ते चालत नसे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची अक्षरेही आपापल्या खासगी फाँटवर अवलंबून होती. फाँट नसेल तर पान वाचताच येत नसे. युनिकोडने ही बेडी तोडली. पुढे एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' फाँट खुल्या परवान्यावर आला. वर्गातल्या प्रकल्पात असो वा पैसे घेऊन केलेल्या कामात, तो सारखाच वापरता येतो. खुला परवाना ही सवलत नसते. तो 'तू कोण' हे विचारत नाही.

२०.
त्या वाटेने जाणारे इतरही होते. केरळने आपल्या शाळांतल्या आयटी@स्कूल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून एचटीएमएल, पीएचपी, गिंप, इंकस्केप यांचे धडे मराठीतही उपलब्ध केले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक फुकट दिला, व्यावसायिक वापरासह. पण 'फुकट' आणि 'खुले' यांत फरक आहे, हा धडाही त्याच कंपनीच्या इतिहासात आहे. एक्सप्रेशन वेब हे साधन डिसेंबर २०१२ मध्ये सर्वांना फुकट झाले, आणि त्याच वेळी त्याचा पुढचा विकास थांबला. देणाऱ्याने हात आखडला, तर फुकट घेणाऱ्याचे काही चालत नाही.

२१.
गेल्या काही वर्षांत कुंपणाची जागाही सरकते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेटब्रेन्सने वेब प्रोग्रामिंगचे 'वेबस्टॉर्म' हे साधन बिगरव्यावसायिक वापरासाठी कोणालाही मोफत केले. शिकणे, छंद, खुल्या प्रकल्पातले काम यांसाठी विद्यार्थी असण्याची गरज उरली नाही. 'तू कोण आहेस' हा प्रश्न मागे पडून 'तू काय करतो आहेस' हा पुढे आला. शिक्षण सुटलेल्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, चाळिशीत पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसासाठी हा बदल मोठा आहे. कमाईची रेषा मात्र जागच्या जागी आहे.

२२.
या सगळ्या इतिहासातून विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? पहिले, विद्यार्थी परवाना हा उपकार नव्हे आणि हक्कही नव्हे. तो सौदा आहे, आणि सौद्याच्या अटी वाचायच्या असतात. दुसरे, पहिले पैशाचे काम आले की त्या महिन्यापुरती पूर्ण वर्गणी घेऊन ती रक्कम कामाच्या दरात धरणे, किंवा ते काम खुल्या साधनांवर करणे, हे दोन्ही मार्ग आज खुले आहेत. तिसरे, पदवीच्या शेवटच्या सत्रातच आपले काम कॉलेजच्या खात्यातून बाहेर काढून सर्वसाधारण स्वरूपात स्वतःजवळ ठेवावे.

२३.
आणि चौथे, सर्वांत जुने. अवजारे आली आणि गेली. फ्रंटपेज २००६ मध्ये बंद झाले, ड्रीमस्पार्कचे नावही उरले नाही. १९९३ मध्ये खुली झालेली पानांची भाषा मात्र आजही प्रत्येक ब्राउझर वाचतो. त्या काळी लिहिलेले साधे पान आजही उघडते. ज्याला ती भाषा हाताने लिहिता येते, त्याच्याकडून परवान्याची मुदत संपली म्हणून काही हिरावून घेता येत नाही. नावाड्याच्या पानाचे दोन हजार रुपये तो ताठ मानेने घेऊ शकतो.